पंचम आधी सोडा, मग करंगळी ठेवा

प्रश्न : मी ५१ वर्षांचा, सांगलीचा. दोन वर्षांपूर्वी गिटार हातात घेतली, आता बार कॉर्ड्स (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरलेले सूरसमूह) बऱ्यापैकी जमतात. परवा एका गाण्यात सी मेजरच्या आधी ‘जी सेव्हन शार्प फाइव्ह’ आली. तिसऱ्या फ्रेटवर (दांडीवरच्या तिसऱ्या घरात) जी सेव्हनचा बार धरला आणि दुसऱ्या तारेवर (पहिली तार सर्वांत बारीक, सहावी सर्वांत जाड) चौथ्या फ्रेटला करंगळी ठेवली, तर सगळं बेसूर! ट्यूनर म्हणतो तारा बरोबर आहेत. दुसऱ्या पुस्तकात याच जागी ‘जी ऑग सेव्हन’ लिहिलंय, तिसऱ्यात जी सेव्हनपुढे नुसतं अधिकचं चिन्ह. या तीन वेगळ्या कॉर्ड्स आहेत का? बायको म्हणते गिटार बदला, मुलगा म्हणतो साधी जी सेव्हन वाजवा. कोणाचं ऐकू?

उत्तर : ट्यूनरचं. गिटार चांगली आहे आणि तुमची करंगळीही अगदी योग्य जागी पडते आहे. चूक तुमच्या अनामिकेची आहे, जिच्याकडे तुम्ही बघितलंच नाही.

आधी नावांचा घोळ संपवते. तिन्ही नावं एकाच कॉर्डची. अधिकचं चिन्ह सातव्या स्वरासाठी नसतं, पाचव्यासाठी असतं, इतकं लक्षात ठेवा. जी सेव्हनमध्ये जी, बी, डी आणि एफ असतात. यातला डी हा जीपासून पाचवा; तो अर्धा स्वर वर चढवून डी शार्प केला की झाली तुमची कॉर्ड. आपल्या भाषेत, जी हा सा धरलात तर सा, ग, कोमल ध, कोमल नी. पंचम या घरात राहतच नाही.

आणि तुमच्या बारमध्ये तो बसलेला आहे. अनामिका पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटला आहे ना? तो डी, म्हणजे पंचम. खाली पंचम घुमतोय आणि वर करंगळी कोमल धैवत लावते आहे. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला लावतात. पंचमाला लावलेला तंबोरा मागे ठेवून कोणी मालकंस गायला बसलं तर कानाला जे होईल, तेच तुम्हाला ऐकू येतंय.

मी स्वतः यात सहा महिने घालवलेत. ऑर्केस्ट्रात नवीन होते, गोव्याचे एक वयस्क गिटारवादक मला कागदावर कॉर्ड्स लिहून द्यायचे. त्यांच्या कागदावर अधिकचं चिन्ह आलं की मी गुपचूप साधी सेव्हन्थ वाजवायचे, म्हणजे तुमच्या मुलाचा सल्ला. एकदा तालमीत त्यांनी गाणं थांबवलं, माझ्या गिटारच्या पाचव्या तारेखाली बसचं तिकीट घडी करून खुपसलं आणि म्हणाले, “आता वाजव.” तार मुकी झाली आणि कॉर्ड स्वच्छ ऐकू आली. आता कागदी तिकीट मिळणं कठीण, पण ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या पोटावर जिथे टेकतात तिथे, रुमालाचं टोक चालेल.

तेव्हा बार सोडा. सुरुवातीला फक्त तीन तारा घ्या : मधलं बोट चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, अनामिका तिसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटला, तर्जनी दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. ही जी सेव्हन झाली, खालचा जी सोडून. तर्जनी आहे तिथेच ठेवून त्याच तारेवर तिच्या पुढच्या फ्रेटला करंगळी टेकवा. झाली शार्प फाइव्ह. आता तर्जनीला दुसऱ्या तारेवर काम उरलं नाही, तिला उचलून सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला पाठवा. तिचं टोक पाचव्या तारेला नुसतं शिवू द्या, दाबू नका; तार मुकी होते. पहिली तारही तर्जनीच्या खालच्या भागाने अशीच गप्प करायची. अमेरिकन जॅझ वादक काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७ साली आलेला गिटारवादक फ्रेडी ग्रीन सहाव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर, पाचवी मुकी ठेवूनच, रिदम धरायचा. मुकी तार म्हणजे कच्चं वादन, हा समज काढून टाका.

उजव्या हाताने झोडपू नका. अंगठा सहावीवर, बाकी तीन बोटं चौथी, तिसरी, दुसरीवर ठेवून एकदम चिमटीत धरल्यासारखं वाजवा. पाचवीचा प्रश्नच येत नाही.

पण या कॉर्डवर थांबून तिची परीक्षा घेऊ नका. एकटी वाजवली तर ती अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यासारखीच वाटणार. जी सेव्हन दोन मात्रा, शार्प फाइव्ह दोन मात्रा, मग सी चार मात्रा. सी मात्र उघड्या तारांची नको, तिसऱ्या फ्रेटची घ्या : पाचवी तार तिसऱ्या फ्रेटला, चौथी-तिसरी-दुसरी पाचव्या फ्रेटला. दुसऱ्या तारेकडे कान द्या. तिसरा, चौथा, पाचवा फ्रेट. आता सी हा सा धरलात तर रे, कोमल ग, ग. तिसरी तारही चौथ्यावरून पाचव्यावर, नी वरून सा वर जाते. ते गाणं लिहिणाऱ्याला ही चढणच हवी होती. साधी जी सेव्हन वाजवली तरी गाणं मोडत नाही, पण ही पायरी गळते.

हाच आकार पहिल्या फ्रेटला नेला की एफची, पाचव्याला एची. आणि ई हवी असेल तर फारच सोपं : सहावी मोकळी, पाचवी मुकी, चौथी मोकळी, तिसरी आणि दुसरी पहिल्या फ्रेटला, पहिली मोकळी. इथून ए मायनरवर जा. दुसऱ्या तारेवरचा सी दोन्हीकडे आहे, ते बोट उचलूच नका. माझ्या मते शिकायला ही जोडी जीपेक्षा बरी. मला कोणी आधी सांगितलं असतं तर सहा महिने वाचले असते.

एक अपवाद. कागदावर ‘फ्लॅट थर्टीन’ दिसलं तर डी शार्पचाच सूर लागतो, पण तिथे पंचम राहिला तरी चालतो. तरी तुम्ही सध्या तो सोडाच.

प्रश्न : अशा कॉर्ड्ससाठी इलेक्ट्रिक गिटार घ्यावी लागेल का? (वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. असलीच तर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम) बंद ठेवा. त्यात या कॉर्डचा लगदा होतो, आणि मग लोक सांगलीच्या वाचकांसारखं गिटारच बदलायला निघतात.