संपादक म्हणतात कथा पसरट आहे. स्वतःची कथा स्वतः कशी तपासावी?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: तीन कथा दिवाळी अंकांकडं पाठवल्या, तिन्ही परत आल्या, एका ठिकाणाहून 'विषय चांगला, पण मांडणी पसरट' एवढा शेरा मिळाला. आणि पाठवण्याआधी प्रत्येक कथेवरून तुम्ही चार-चार वेळा हात फिरवला होता. सोबत सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराच्या कथेतला एक परिच्छेद दिलाय, ते बरं केलंत. तो वाचला की दुखणं कळतं. दर फेरीत तुम्ही शब्द सजवलेत. साधी शांतता होती, ती 'निरव' झाली. डोळ्यांत पाणी होतं, त्याचे 'अश्रू' झाले. चार फेऱ्यांत चार थर चढले आणि खालची कथा होती तशीच राहिली.

फेरी वरून खाली यायला हवी. आधी प्रसंग, मग परिच्छेद, मग वाक्य, शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला की ज्या वाक्यावर अर्धा तास घासलंय ते काढायला हात धजत नाही, आणि बऱ्याचदा ते वाक्य ज्या प्रसंगात बसलंय तो प्रसंगच नको असतो.

खर्डा पूर्ण झाला की किमान तीन आठवडे उघडू नका. मग छापून घ्या. छापणं जमत नसेल तर फॉन्ट आणि अक्षराचा आकार बदला, म्हणजे ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि डोळा पाठ झालेलं वाचत नाही. एका बैठकीत, हातात पेन न घेता वाचा. वाचून झाल्यावर कागद पालथा घालून एक ओळ लिहा: 'सुरुवातीला अमुक होतं, शेवटी तमुक झालं.' ही ओळ लिहिताच येत नसेल तर अजून संपादनाची वेळ आलेली नाही. कथा काय आहे हेच ठरायचंय.

ओळ जमली की प्रसंगयादी करा. वहीत चार रकाने: प्रसंग कोणाचा, त्याला काय हवंय, आड काय येतं, प्रसंग संपताना काय बदललं. चार हजार शब्दांच्या कथेत सहा ते आठ प्रसंग पुरतात. चौदा निघाले तर तुम्ही कादंबरीचा सारांश लिहिलाय. चौथ्या रकान्यात 'काही नाही' असं आलं की तो प्रसंग काढायचा, किंवा त्यातली एखादी कामाची गोष्ट शेजारच्या प्रसंगात नेऊन बाकीचं सोडून द्यायचं. हा रकाना रिकामा राहण्याच्या जागा ठरलेल्या असतात. नायकाचं सकाळी उठणं, तोंड धुणं, चहा. एसटीच्या खिडकीशी बसून मागचं सगळं आठवणं. चहाच्या टपरीवर भेटलेला तो मित्र, ज्याचं काम फक्त 'मग पुढं काय झालं?' विचारण्याचं असतं. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एकानं दुसऱ्याला सविस्तर सांगितली की समजा, ती वाचकासाठी सांगितली जातेय, आणि वाचकाला ते लगेच कळतं.

पहिलं पान हातानं झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा. काही अडलं नाही तर पहिलं पान तुमच्या तयारीचं होतं. तसंच शेवटच्या परिच्छेदाचं. नवशिक्यांच्या बऱ्याच कथा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात संपलेल्या असतात.

आता तुमचा परिच्छेद:

'रात्रीची निरव शांतता पसरली होती. नरसय्या आपल्या जुन्या मागासमोर उभा होता. त्याच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं. गेली वीस वर्षं तो या कारखान्यात काम करत होता. अचानक मालक आत आले. त्यांचा चेहरा गंभीर दिसत होता. "नरसय्या, उद्यापासून तुम्ही येऊ नका," ते हळुवारपणे म्हणाले. हे ऐकून नरसय्याला खूप मोठा धक्का बसला. त्याच्या पायाखालची जमीन सरकली. त्याच्या डोळ्यांत अश्रू तरळले. आपल्या मुलीच्या लग्नाचं आता काय होणार, असा प्रश्न त्याला पडला.'

पहिल्या सहा वाक्यांपैकी पाच 'होता-होती-होतं'वर संपतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं हा ठोका जास्त टोचतो. पण त्याहून मोठी गडबड शांततेची आहे. रात्रपाळी चालू असेल तर शेडमध्ये शांतता कसली? चालू मागांच्या खटखटीत शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, नाहीतर हातवारे करावे लागतात. तिथं मालक 'हळुवारपणे' बोलले तर नरसय्याला ऐकू कसं आलं? आणि सगळे माग बंद असतील तर ते का बंद आहेत हे सांगायला हवं. शब्द छान वाटला म्हणून लिहिला की अशी फसगत होते: 'निरव शांतता' ही जोडी हाताशी तयार होती, म्हणून शेड बघायचं राहून गेलं.

पुढं एकच भावना तीनदा आली आहे: धक्का, सरकलेली जमीन, अश्रू. तिन्ही वाक्यं कुठल्याही कथेतल्या कुठल्याही माणसाला लावता येतील. मुलीचं लग्न इथं येऊन ऐनवेळी करुणा मागतंय. ते दोन प्रसंग आधी यायला हवं होतं, तेही वस्तूच्या रूपानं. बस्ता बांधायला त्यानं मालकांकडं उचल मागितलेली असेल तर इथं लग्नाचं नावही काढावं लागत नाही.

आणि या परिच्छेदातला सगळ्यात मोलाचा शब्द तुमच्या लक्षातच आलेला नाही. तो आहे 'तुम्ही'. वीस वर्षांच्या कामगाराला मालक 'तुम्ही' म्हणत असतील? बहुधा 'नरसय्या, ये रे इकडं' असंच बोलत असतील. मग आजच 'तुम्ही' का आलं? परकं करायचं ठरलं म्हणून. मराठीत तू-तुम्ही-आपण यांच्या बदलात अख्खा प्रसंग मावतो. त्यामुळं प्रत्येक जोडीसाठी कोण कोणाला काय म्हणतं हे वहीत लिहून ठेवा. नजरचुकीनं बदललं असेल तिथं दुरुस्त करा, आणि मुद्दाम बदलायचं असेल तर त्या जागी गर्दी करू नका.

मी तो परिच्छेद असा करून पाहीन (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा भाग, कांडी म्हणजे त्यात बसणारी सुताची गुंडाळी):

'धोट्यातली कांडी संपली. नरसय्यानं माग थांबवला, नवी कांडी भरली आणि मान वर केली, तर मालक शेजारी उभे. शेडमधले बाकीचे अकरा माग चालूच होते. मालकांनी त्याच्या कानाशी तोंड आणलं.

"उद्यापासून येऊ नका तुम्ही."

वीस वर्षांत ते त्याला कधी तुम्ही म्हणाले नव्हते. ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. नरसय्यानं मान हलवली आणि माग चालू केला. चादर अजून हातभर विणायची होती.'

लांबी फारशी कमी झालेली नाही. पसरटपणा शब्दसंख्येत नसतो. एकच गोष्ट तीनदा सांगण्यात असतो. 'वीस वर्षं' तुमच्याही परिच्छेदात आहेत, पण तिथं ती माहिती म्हणून पडून आहेत. इथं ती 'तुम्ही'ला टेकू देतात. हेच तुमच्या कथेत बसेल असं नाही, मला पुढचामागचा भाग माहीत नाही. ('सांगू नका, दाखवा' हा सल्ला तुम्ही ऐकला असेलच. तो अर्धाच खरा. 'पुढचे सहा महिने कामाविना गेले' हे एका ओळीत सांगूनच टाकावं. सहा महिने दाखवत बसलं की पुन्हा पसरट.)

वाक्यांच्या फेरीत शोध-सुविधा वापरा. होता, होती, होतं, होते ही चारही रूपं वेगवेगळी शोधा. तीनशे शब्दांत आठाच्या वर सापडली तर तिथं थांबून बघा, असा माझा ढोबळ हिशेब आहे. मागची आठवण सांगताना पहिली एक-दोन क्रियापदं 'गेला होता, म्हणाला होता' अशी ठेवा, म्हणजे काळ बदलल्याचं कळतं. तिथून साधं 'गेला, म्हणाला' चालतं. मग हे शब्द शोधा: अचानक, क्षणभर, नकळत, जणू, खरं तर, एकदम. त्यानंतर 'त्याला दिसलं', 'त्याच्या लक्षात आलं', 'असं त्याला वाटलं': कथा त्याच्याच डोळ्यांनी चालली असेल तर 'मालक शेजारी उभे' पुरतं, 'मालक उभे असलेले त्याला दिसले' कशाला? '-पणे'वर संपणारे शब्द तपासा. गंभीरपणे, शांतपणे हे बहुतेकदा दुबळ्या संवादाची कुबडी असतात. 'म्हणाला' हा शब्द वाचकाला दिसतच नाही, म्हणून उद्गारला, वदला, पुटपुटला यांच्या मागं लागू नका.

शब्दांच्या जागाही हलवून बघा. 'मालकांनी चावी नरसय्याला दिली' आणि 'मालकांनी नरसय्याला चावी दिली' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. क्रियापदाच्या अगदी आधी जे येतं त्यावर वजन पडतं: पहिल्यात कोणाला, दुसऱ्यात काय. वाक्य मेल्यासारखं वाटलं की नवा शब्द शोधण्याआधी हा बदल करून पाहा.

निवेदनात 'केलं' की 'केले' ते एकदाच ठरवा. एकाच कथेत दोन्ही आले की ते शुद्धलेखनाच्या चुकीपेक्षा आवाज तुटल्यासारखं वाटतं.

नरसय्यानं कुठल्या बोलीत बोलावं, हेही तुम्ही विचारलंय. नरसय्या सोलापूरच्या पूर्व भागातला, तेलुगू घरातला माणूस. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी. तो दोन्हीकडं एकसारखं पुस्तकी मराठी बोलायला नको. अख्खी तेलुगू वाक्यं देऊन कंसात अर्थ लिहू नका, वाचक कंसात अडकतो. घरातले संवाद छोट्या, साध्या मराठी वाक्यांत ठेवा आणि अम्मा, अक्का अशी हाक तेवढी त्यांची येऊ द्या. बाहेर त्याचा मुलगा मित्राला 'काय करलालास बे?' म्हणेल, पण हा 'बे' बरोबरीच्यांसाठी आहे, बापासमोर किंवा मालकांसमोर तो निघणार नाही. प्रत्येक संवादात पेरलात तर नक्कल होईल. तेच शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं. ती जेवताना येऊ दे, गाव ओळखू यावं म्हणून नको.

तथ्यं तपासताना दिनदर्शिका आणि वयं हमखास चुकतात. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळा (प्रतीकात्मक लग्न) भोगीला, होम संक्रांतीला. कथेत उलटं झालं तर सोलापूरचा वाचक तिथंच पुस्तक मिटेल. आजच्या काळातल्या कथेत आजोबांनी सोलापुरातला 1930 चा मार्शल लॉ (इंग्रजांनी लावलेला लष्करी कायदा) 'डोळ्यांनी पाहिला' असेल तर त्यांचं वय शंभरीपार जातं. त्यांनी तो आपल्या वडिलांकडून ऐकलेला असायला हवा. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली, म्हणजे त्यानंतरच्या प्रसंगात ती क्षितिजावर नको. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक पात्राचं जन्मसाल आणि प्रत्येक प्रसंगाची तारीख लिहिली की निम्म्या चुका तिथंच सापडतात.

मग मोठ्यानं वाचा. जीभ अडखळते तिथं खूण करा, लगेच दुरुस्त करू नका. फोनमधल्या मराठी आवाजालाही एकदा वाचायला लावा. तो अभिनय करत नाही, त्यामुळं तुम्ही वाचताना आवाजानं सांभाळून घेतलेली वाक्यं उघडी पडतात.

शेवटी दोन वाचक. एक वाचणारा, दुसरा मागावर काम केलेला. 'कशी वाटली?' विचारू नका, उत्तर 'छान' असंच येतं. पेन्सिल द्या आणि सांगा: कंटाळा आला तिथं आडवी रेघ, कळलं नाही तिथं प्रश्नचिन्ह. मागावरच्या माणसाला एवढंच विचारा, की असं होतं का? दोघांच्या खुणा एकाच जागी आल्या तर तिथं नक्की दुखतंय. पण त्यांनी सुचवलेला उपाय जसाच्या तसा घेऊ नका. शेवट पटला नाही असं ते म्हणतात तेव्हा बिघाड बऱ्याचदा मधल्या प्रसंगात असतो.

काढलेला मजकूर 'काढलेलं' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. फेकून दिलेला नाही म्हटल्यावर कात्री सहज चालते. प्रत्येक फेरीची फाइलही वेगळी आणि युनिकोडमध्ये ठेवा. बहुतेक दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यात सुरू होते, म्हणून गुढीपाडव्यापर्यंत खर्डा हातात हवा. तीन आठवडे विश्रांती, मग महिनाभर या फेऱ्या.

तिन्हींपैकी नरसय्याचीच कथा आधी घ्या. तिची प्रसंगयादी करून इथं टाकलीत तर चौथ्या रकान्याबद्दल बोलू.