गल्लीतल्या जाळीत ओतलं की ते जातं कुठे?

प्रश्न: कुर्ला पश्चिमेला आमचं वडापाव-मिसळचं छोटं हॉटेल आहे. रात्री बंद करताना पोरं मागच्या गल्लीत कढया, रबरी मॅट, चिमणीच्या जाळ्या धुतात, पाणी तिथल्याच लोखंडी जाळीत जातं. वरचे काका रोज भांडतात, म्हणे नदी घाण करता. अहो गटारातच सोडतोय ना आम्ही, नदी कुठनं आली मध्येच? पालिका ते पाणी साफ करतेच की. — एक वाचक, कुर्ला

उत्तर: ताई, काकांचा आवाज चढत असेल पण मुद्दा खरा आहे. मुंबईत दोन वेगळ्या लाइनी आहेत. संडास, मोरी, सिंकचं पाणी ड्रेनेजच्या लाइनीने प्रक्रिया केंद्राकडे जातं आणि गल्लीतली जाळी असते फक्त पावसाच्या पाण्यासाठी, ते कुठेही साफ होत नाही, नाल्यातून सरळ मिठी नदीत आणि तिथनं माहीमच्या खाडीत.

दुसरी भानगड तुंबण्याची. आपल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, ब्रिमस्टोवॅड या पालिकेच्या पर्जन्यवाहिन्या सुधारायच्या योजनेत ते 50 करायला घेतलं, आणि त्यातही भरती असली की पाणी बाहेर पडायला मागत नाही. आधीच पाइप अपुरा, त्यात आपण तेल सोडायचं! मी प्लंबिंगच्या कामात असताना मे महिन्यात एका हॉटेलमागचा चेंबर उघडला होता, आत पांढरट थर, कपड्याच्या साबणाच्या वडीसारखा घट्ट, त्यात रुतलेले दोन चमचे, कोथिंबिरीच्या काड्या आणि एक दुधाची पिशवी. पहारीने फोडावा लागला. गरम पाणी ओतून काही होत नाही, तेल जरा पुढे सरकतं, गार होतं आणि शेजाऱ्याच्या दारात गोठतं. कॉस्टिक सोड्याच्या नादी तर लागूच नका, पोरांचे हात भाजतील आणि सोडा जाईल मिठीत.

मग करायचं काय? धुणं आत आणा, सगळं. मॅट आणि चिमणीच्या जाळ्यासुद्धा मोरीतच. पण कढई धुवायच्या आधी कागदाने पुसून घ्यायची, हे एवढं केलं तरी अर्धं काम झालं. मोरीच्या पाइपवर ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारी पेटी बसवा, तेल वर तरंगतं, गाळ खाली बसतो, मधलं पाणी पुढे जातं. चौथा हिस्सा भरला की उपसायचा, नाहीतर तो नुसता वासाचा डबा होतो (आणि उपसलेलं परत त्याच जाळीत ओतणारे महाभाग मी पाहिलेत). जमिनीवर तेल सांडलं तर पाइप लावू नका, लाकडाचा भुसा टाकायचा, झाडूने भरायचं, मग पोछा. ओल्या कचऱ्याचा ड्रम बाहेर असेल तर झाकण लावा, पावसात त्याचंच पाणी जाळीकडे धावतं.

वापरलेलं तेल तर ओतायचंच कशाला? 2018 पासून एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम आहे, तेलातली पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारी खराब द्रव्यं, 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तळायला वापरायचं नाही. बायोडिझेलसाठी असं तेल विकत घेणारे असतात, त्यातला अधिकृत बघा, डब्यात साठवून त्याला द्या आणि पावती ठेवा. टपरीवाल्याला स्वस्तात देऊ नका, तो त्यातच भजी तळेल.

आणि एक, तुमच्या मोरीचा पाइप नक्की कुठल्या लाइनीला जोडलाय ते प्लंबरकडून तपासून घ्या. सिंकमध्ये बादलीभर हळदीचं पाणी सोडायचं आणि कुठल्या चेंबरात पिवळं दिसतं ते त्याला बघायला सांगायचं. झाकण त्यालाच उघडू दे, पोरांना नको. पिवळं पाणी गल्लीतल्या जाळीखाली दिसलं तर ट्रॅप बसवायच्या आधी ती जोडणी बदलायला लागेल.