‘मॅडम, कोकणातली माणसं कोर्टबाज असतात म्हणे!’

विवाहपूर्व समुपदेशनाला येणारे आईवडील पत्रिकेपेक्षा जिल्ह्याची चौकशी जास्त करतात. नागपूरकडचा म्हणजे आळशी, पुण्याचा म्हणजे तिरकस, कोल्हापूरचा म्हणजे भडक डोक्याचा आणि कोकणातला म्हणजे चिकट, वर भांडखोर. गप्पांमध्ये हे खपून जातं, मीही हसते. पण पोटच्या मुलीचं लग्न अडलेलं असताना कुणी ‘तिकडची माणसं खरंच तशी असतात का हो?’ असं विचारतं, तेव्हा ‘छे, माणसं सगळीकडे सारखीच’ असं म्हणून भागत नाही. त्या वाक्यानं कुणाची काळजी मिटलेली मी तरी पाहिली नाही.

बार्शी तालुक्यातलं एक कुटुंब या प्रश्नावरूनच माझ्याकडे आलं होतं. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वडील निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे आप्पा म्हणत. मुलगी मयूरी ठाण्यात नोकरीला. तिनं पसंत केलेला संकेतही ठाण्यातच कामाला, घर मात्र रत्नागिरी जिल्ह्यात, लांजा तालुक्यातल्या एका वाडीत. मुलगा निर्व्यसनी, पगार बरा, आप्पांना तो आवडलाही होता. अडलं होतं ते गावाशी. पाव्हण्यारावळ्यांनी त्यांचे कान भरले होते. एका नारळाच्या झाडासाठी तिकडं तीन पिढ्या कोर्टात जातात, सख्खे भाऊ एकमेकांच्या घरी पाणी पीत नाहीत, चहात साखरसुद्धा मोजून घालतात, असं बरंच काही.

मयूरी भडकलेली होती. “आप्पा, वर्गात एखाद्या मुलानं असं म्हटलं असतं तर तुम्ही त्याला बाकावर उभं केलं असतं!” तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण त्यानं आप्पा आणखी ताठर झाले. तुमचा हा पूर्वग्रह आहे असं तोंडावर सांगितलं की माणूस तो सोडत नाही, त्याच्या बाजूनं पुरावे गोळा करायला लागतो. आप्पांकडे तर चार-पाच उदाहरणं तयारच होती.

मी त्यांना विचारलं, “ऐकलंय ते सगळं खरं आहे असं घटकाभर धरून चालू. मग मयूरीच्या बाबतीत नेमकं काय होईल?”

ते बराच वेळ चष्म्याची काडी उघडझाप करत बसले. मग म्हणाले, “तिच्या पगारातून वकिलाची फी जाईल. जावई दर तारखेला गावाकडं पळेल. आणि उद्या काही बिनसलं तर आम्ही इकडं घाटावर. तिथं मध्ये घालायला आमच्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही.”

यात कोकणी स्वभाव कुठेच नव्हता. पैसा, वेळ आणि अडचणीला धावून येणारं माणूस, या तिन्ही गोष्टींची चौकशी करता येते. ‘कोकणी माणूस कसा असतो’ याची करता येत नाही.

पुढच्या वेळी संकेतही आला. आप्पांनी सरळच विचारलं, “तुमच्या घरात कोर्टकचेरी आहे का?” संकेतनं आढेवेढे घेतले नाहीत. आहे, म्हणाला. वरच्या कातळाकडच्या काजूच्या झाडांवरून त्याच्या वडिलांच्या चुलतभावानं दावा लावलेला. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की बघा, मी म्हणत नव्हतो! मयूरीचा चेहरा पडला.

संकेतनं मोबाइलवर सातबारा उघडला आणि फोन आप्पांच्या हातात दिला. जमीन म्हणावी तर काही गुंठे. भोगवटादारांची नावं मात्र संपता संपेनात. आजोबांचे भाऊ, त्यांचे मुलगे, मुली, वारले त्यांचे वारस. कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला, एक तर बडोद्याला. सगळं सामाईक. आप्पा बोटानं खाली सरकवत राहिले. शिक्षक माणूस, नावं मोजायला लागले आणि मध्येच थांबले.

इथे थोडं मागे जावं लागेल. रत्नागिरी जिल्ह्यात खोती होती, म्हणजे गावचा सारा सरकारसाठी खोत वसूल करायचा आणि जमीन कसणारी कुळं त्याच्या हाताखाली. तिच्या विरोधात डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, पण खोती कायद्यानं गेली ती 1949 मध्ये. त्याच सुमाराला कुळकायदा आला. जमीन कुणाच्या नावावर आणि कसतो कोण, याचे वाद त्या काळात कोर्टात जाणारच होते. दुसरीकडे घरटी एक तरी माणूस मुंबईला, आधी गिरणीत, मग मिळेल तिथे. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 मध्ये ती 16,15,069 झाली. राज्य वाढत असताना जिल्हा आटला. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया 1,122, कारण पुरुष बाहेर. अशा ठिकाणी आपसात वाटणी करायची म्हणजे सगळे खातेदार एकत्र यायला हवेत आणि कुणाची हरकत नको. ते जमत नाही, म्हणून वाटणी राहते, वारसनोंदींनी नावं वाढत जातात आणि मग एखाद्यानं गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, दोन हात सरकवला की दुसऱ्याला कोर्टाशिवाय वाट उरत नाही. उद्या देशावरच्या एखाद्या गावातली निम्मी माणसं मुंबईला नेऊन ठेवा आणि जमिनी सामाईक करा, तिथेही हेच होईल.

चिकटपणाचंही तसंच आहे. कातळाची जमीन, एक भातपीक आणि मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालणारं घर. पावसाचे चार महिने बाजार लांब, म्हणून आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी आधी करून ठेवायची. फणसाच्या आठळ्यासुद्धा मातीत घोळून जपायच्या. ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आणि दारात ऊस, त्याला हे कंजूषपणाचं वाटतं. विदर्भाच्या ‘आळसा’बद्दलही मला हेच म्हणायचं असतं. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना दुपारी दोनला गावात शिरलेल्या पाहुण्याला दारं बंदच दिसणार. पहाटे शेतात गेलेली माणसं त्यानं पाहिलेली नसतात.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं नाही, तो काही वर्ग नव्हता. त्यातलं बरंचसं संकेतच बोलला. मी एवढंच विचारलं, “तुमच्याकडे बांधावरून काही नसतं का?”

आप्पा एकदम हसले. त्यांचाच धाकट्या भावाशी शेतरस्त्यावरून वाद होता, मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली तहसीलदारांकडे अर्ज गेलेला. “पण ते वेगळं आहे,” असं म्हणाले आणि स्वतःच गप्प झाले. आपल्या माणसाचं भांडण दिसलं की आपल्याला त्याची अडचण दिसते. परक्याचं दिसलं की त्याचा मुलूख दिसतो. ही खोड शिकल्यासवरल्या माणसांतही तेवढीच असते. आपल्या माणसांविषयीही आपले अंदाज फार खरे नसतात. 2005 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात 49 संस्कृतींमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडचा नमुनेदार माणूस कसा असतो हे लोकांनी सांगितलं आणि प्रत्यक्ष माणसांचे स्वभाव मोजले, तर दोन्हींचा मेळ बसेना.

प्रदेशाप्रदेशात फरक असतात, ते मी नाकारत नाही. बोलण्याची पट्टी, मानपान, देणंघेणं, ताटातलं तिखट, यांवरून नव्या सुनेला खरोखर अडखळायला होतं. पण एकाच वाडीतल्या दोन भावांच्या स्वभावात जेवढं अंतर सापडतं, तेवढं लांजा आणि बार्शीत सापडेलच असं नाही.

त्या दिवशी सगळ्यांना चकित केलं ते संकेतच्या एका वाक्यानं. ज्या काकांनी दावा लावलाय ते आणि संकेतचे वडील दरवर्षी एकाच मूळ घरात एकच गणपती आणतात. “आरतीला टाळ काकाच धरतात. तारखेला जायचं तरी लांज्यापर्यंत दोघं एकाच एसटीनं जातात.” आप्पा म्हणाले, “मग भांडण आहे का नाही?” “आहे की,” संकेत म्हणाला, “काजूचं आहे.”

नंतर रोखठोक बोलणं झालं. केसचा खर्च सध्या कोण करतं, संकेतच्या वाट्याला वर्षाला किती येतो, मयूरीचा पगार त्यात येणार नाही, पुढे वडिलांच्या जागी वारस म्हणून संकेतचं नाव लागलं तर तो काय करणार. लग्नाआधी असले प्रश्न विचारणं आपल्याकडे उद्धटपणाचं समजतात. मला विचाराल तर मुलाचा जिल्हा विचारण्यापेक्षा हे कितीतरी सभ्य आहे. अडीनडीला हाक मारायला म्हणून संकेतनं ठाण्यात राहणाऱ्या त्याच्या मावशीची आप्पांशी गाठ घालून दिली. उत्तरं टाळणारा मुलगा असता तर मी आप्पांना थांबा म्हटलं असतं, मग तो बार्शीचा का असेना.

पलीकडेही सगळं आलबेल नव्हतं. संकेतच्या आईनं फोनवर मला विचारलं, “घाटावरची मुलगी, आवाजाला मोठी असणार. आमच्या घरात कुणी वर आवाज करून बोलत नाही. निभेल का तिला?” मुंबईत ‘घाटी’ हा शब्द शिवीसारखा वापरणारी माणसं याच राज्यातली आहेत, तेव्हा मला नवल वाटलं नाही. त्यांनाही तोच प्रश्न केला: मोठ्या आवाजानं नेमकं काय होईल? शेजारच्या चुलत जावा ऐकतील, असं उत्तर आलं. म्हणजे काळजी मयूरीची नव्हती, वाडीत काय बोलतील याची होती. त्यांना आणि मयूरीला एकदा माझ्याशिवाय भेटू दिलं. बोलणं बहुतेक नोकरीविषयीच झालं म्हणे.

लग्न झालं. वर्षभराच्या आत दोघं पुन्हा आले. मी काजूच्या केसचं ऐकायला मिळेल असं धरून चालले होते, पण तक्रार होती सुट्टीची. मयूरीच्या कंपनीचं ऑडिट ऐन सप्टेंबरात, आणि घरात गणपतीचे पाच दिवस, त्यात नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे गौरीपुढे सुपं ओवसायचा विधी. सासूबाई म्हणत, नोकरी काय, पुढंमागं मिळेल. मयूरी म्हणे, एवढी रजा मागितली तर बढती गेली. कुठल्याही जिल्ह्यातल्या घरात होतो तसा हा वाद होता, आणि तो सोडवायला आम्हाला सातबाऱ्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी ती ओवशाच्या दोन दिवसांपुरती गेली, बाकीचं संकेतनं आणि चुलत जावांनी निभावलं. यंदाचं अजून ठरायचंय.