रटगर्सचं ऑनर्स की मोठं नाव?

मार्चअखेरपर्यंत अमेरिकेतल्या कॉलेजांचे निकाल लागतात आणि १ मेच्या आत एका ठिकाणी होकार कळवून डिपॉझिट भरायचं असतं. न्यू जर्सीत समुपदेशन करताना या मधल्या महिन्यात मराठी घरांतून एकच प्रश्न येत राहतो : राज्याच्या विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजात, म्हणजे निवडक हुशार मुलांसाठीच्या वेगळ्या विभागात, जागा मिळालीय, बड्या खासगी विद्यापीठातही मिळालीय, आता काय करायचं? खालचा ईशान हा कुणी एक मुलगा नाही. अशा बऱ्याच घरांतलं बोलणं मी त्याच्या नावावर घातलंय.

ईशानकडे रटगर्सचं, म्हणजे न्यू जर्सीच्या राज्य विद्यापीठाचं, ऑनर्स कॉलेज होतं आणि बोस्टनकडचं एक नामांकित खासगी विद्यापीठ. पहिल्या भेटीत वडीलच बोलत होते.

"मॅडम, पैशाचा प्रश्नच नाही. त्याने फक्त शिकावं."

"बरं. पण आकडा किती?"

ते गप्प झाले. ईशानच्या आईने पर्समधून चौघडी घातलेला कागद काढला. खासगीचा राहण्या-जेवण्यासकट वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या वर, रटगर्सचा ३५ हजारांच्या आसपास. चार वर्षांचा फरक सव्वादोन लाख. घरावर कर्ज काढायचं ठरत होतं. अगदी खाली पेन्सिलीने धाकटीचं नाव आणि ती बारावीत जाईल ते साल. ईशान तो कागद पहिल्यांदाच बघत होता.

मुलांपासून आकडे लपवू नका. सरकारी कर्ज मुलाच्या स्वतःच्या नावावर पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर आणि साधारणपणे चार वर्षांत २७ हजार मिळतं. बाकी सगळं आईबाबांच्या डोक्यावर. हे त्याला न कळता तो निवड कशी करणार?

नावाला किंमत असते की नाही, यावर घरोघरी हमरीतुमरी होते. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं, की सारख्याच कुवतीची मुलं कमी नावाजलेल्या कॉलेजात गेली तरी पुढे सरासरी तेवढंच कमावतात. गरीब घरच्या मुलांना मात्र मोठ्या नावाचा फायदा होतो. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या अभ्यासातही सरासरी कमाईत फारसा फरक नाही, पण अगदी वरच्या एक टक्का कमाईत पोहोचण्याची आणि नावाजलेल्या कंपनीत शिरण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणजे आई आणि बाबा, दोघांच्याही हातात पुरावा! म्हणून मी या वादात पडत नाही.

मग ईशानला एकट्याला बोलावलं. बराच वेळ तो कंप्युटर सायन्सच्या रँकिंगबद्दल बोलला. मग म्हणाला,

"मावशी, रटगर्सला गेलो तर मला टॉपच यावं लागेल. तिकडे नुसतं असलो तरी चालेल."

"आणि रटगर्सला टॉप नाही आलास तर?"

"सगळे म्हणतील, एवढी चांगली अ‍ॅडमिशन सोडून काय मिळवलंस?"

"सगळे म्हणजे कोण?"

"बाबा." मग थांबून, "नाही, बाबा नाही म्हणणार. मीच म्हणेन."

मी पुढे काहीच विचारलं नाही. इथे घाई केली की मूल पुन्हा रँकिंगकडे पळतं, हे इतक्या वर्षांत माझ्या हाताला बसलंय. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या पठडीतली. माणूस प्रसंगापेक्षा त्याबद्दल स्वतःशी जे बोलतो त्याने जास्त बेजार होतो, यावर माझा पक्का विश्वास. आपण सामान्य निघालो तर काय, या भीतीवर ईशानला सव्वादोन लाखांचा विमा हवा होता. आणि असा विमा बोस्टनलाही मिळत नाही. तिथे तर वर्गातला प्रत्येक जण आपापल्या शाळेतून पहिला आलेला.

ही गाठ सुटली की साधे प्रश्न सुचायला लागतात. ऑनर्स कॉलेज म्हणजे चारही वर्षं छोटे वर्ग, असं नसतं. सेमिनार छोटे असतात, पण मुख्य विषयाची सुरुवातीची लेक्चर्स बहुधा शेकडो मुलांच्या हॉलमध्येच होतात. म्हणून विचारा : माझ्या विषयात ऑनर्सचे कोर्स किती? नोंदणीत आधी नंबर लागतो का? पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कुठले प्राध्यापक संशोधनात घेतात? जीपीए (गुणांची सरासरी) घसरला तर ऑनर्समधली जागा राहते का? खासगीलाही हेच विचारा. आणि सजवलेल्या स्वागतदिनाला जाण्यापेक्षा एखाद्या मंगळवारी जाऊन वर्गात बसा.

ईशानने काय निवडलं ते मी सांगत नाही, कारण पुढच्या एप्रिलमध्ये लोक तेच उत्तर समजून येतात. एका मुलीला तर मी खासगीच घे म्हटलं होतं. घरचं उत्पन्न बेताचं, आणि विद्यापीठाची आर्थिक मदत वजा जाता खासगीच स्वस्त पडत होतं. हार्वर्डने तर २०२५-२६ पासून वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन, म्हणजे शिक्षणाची फी, माफ केलीय, मालमत्ता फार नसेल तर. तेव्हा छापील फीवर जाऊ नका, हातात आलेलं मदतीचं पत्र बघा. कमी वाटलं तर नोकरी गेल्याचे, आजारपणाचे, भारतात आईवडिलांना पैसे पाठवल्याचे कागद जोडून फायनान्शियल एड ऑफिसला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच लिहा. आणि ठरत नाही म्हणून दोन्हीकडे डिपॉझिट भरून ठेवू नका. उघडकीला आलं तर दोन्ही प्रवेश जाऊ शकतात.