सिगारेट सुटली की गोळीचा डोसही बघा

प्रश्न: भावाला स्किझोफ्रेनिया आहे. क्लोझापिनवर तो बरीच वर्षं स्थिर आहे. आता त्याला कायमचं निवासी केंद्रात ठेवायचं ठरलंय. तो दिवसाला वीसेक सिगारेटी ओढतो, तिथे धूम्रपानाला बंदी आहे. केंद्राला काय सांगून ठेवावं?

उत्तर: सिगारेटचंच आधी सांगा, कारण नेमकं तेच राहून जातं. धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापिन भराभर संपवतं. धूम्रपान थांबलं की तोच डोस आठवडाभरात जड होऊ लागतो: गुंगी, लाळ गळणं, तोल जाणं, कधी झटकेही. ‘नव्या जागेत सुस्तावलाय’ म्हणून याकडे दुर्लक्ष होतं. निकोटीनच्या पट्टीने तलफ भागते, पण हा परिणाम टळत नाही. तो निकोटीनचा नसून धुराचा असतो. म्हणून दाखल होण्याआधीच मनोविकारतज्ज्ञांकडून डोस कसा कमी करायचा आणि रक्तातली पातळी कधी तपासायची, हे लिहून घ्या.

शेवटची गोळी कधी घेतली, तेही लिहून द्या. ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस एकदम देता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावा लागतो. या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून त्यांचे अहवाल सोबत असू द्या. ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी रक्त तपासायला हवं.

आणि शौचाची रोज नोंद ठेवतात का, हे विचाराच. संकोच नको. या औषधाने होणारी बद्धकोष्ठता आतडं बंद पाडून जिवावर बेतू शकते, आणि रुग्ण आपणहून बहुधा काही बोलत नाही.