भंडारदऱ्याच्या बाजूला जंगलात तंबूत राहायला शांत जागा कशी शोधायची, आणि मुलांना घेऊन तिथे दोन दिवस काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की ठाण्याहून निघणार, 9 आणि 13 वर्षांची दोन मुलं, सोबत आई, जायचं डिसेंबरात नाहीतर मेअखेरीस, आणि मागच्या वेळी तलावाकाठी रात्रभर डीजे ऐकावा लागला म्हणून या वेळी "खरं जंगल" पाहिजे. मी नाशिकचा, भंडारदरा आमच्यापासून दीड-दोन तासांवर, त्यामुळे गेली बारा-तेरा वर्षं वर्षातून दोन-तीनदा तरी चक्कर होतेच. तर माझ्या परीने सांगतो, जरा लांबेल.

सगळ्यात आधी एक करा, मोबाईलवर "कॅम्पिंग" टाकून फोटो बघत बसू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं. फोटोत पाण्याकाठी चार पिवळे तंबू, मागे डोंगर, वर चांदणं. पोचलो तर रस्त्याला लागून सपाट केलेल्या मैदानात साठेक तंबू, एकमेकांच्या दोऱ्यांत पाय अडकतील इतके जवळ, सकाळी सहाला दोन शौचालयांपुढे रांग आणि स्पीकर रात्री दोनला बंद. फोटो खोटा नव्हता बरं का, फक्त उरलेले छप्पन तंबू फोटोबाहेर होते.

इथे गाव शोधायचं, तंबू आपोआप मिळतो. परदेशात कसं नंबर टाकलेले सरकारी कॅम्पग्राउंड असतात तसलं आपल्याकडे फारसं नाही. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, 1986 पासून, त्यामुळे जंगलात दिसली मोकळी जागा की ठोकला तंबू आणि पेटवली शेकोटी असं चालत नाही. जे तंबू लागतात ते गावकऱ्यांच्या मालकीच्या शेतात. आणि शेत म्हटलं की मागे घर आलं, घर आलं की चूल आली, हातपाय धुवायला गरम पाणी आलं, रात्री पोरगं घाबरलं तर उठून बसणारं माणूस आलं.

नकाशावर शेंडी शोधा, भंडारदऱ्याची बाजारपेठ म्हणजे शेंडी. तिथून तलावाला वळसा घालणारा रस्ता आहे, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल असं करत परत शेंडी. शेंडीच्या आसपास जितके राहाल तितकी गर्दी, आणि घाटघर-साम्रदकडे जितके आत जाल तितकी शांतता, हा साधा हिशोब. तुमच्यासाठी मी उडदावणे, साम्रद नाहीतर रतनवाडी म्हणेन. आईंना तंबूत झोपणं जमणार नसेल (जमिनीवरून उठताना गुडघे बोलतात) तर रतनवाडीत घरात खोली मिळते, तुम्ही बाहेर अंगणात तंबू टाका. नाहीतर आईंची सोय शेंडीला एमटीडीसीच्या रिसॉर्टमध्ये करता येते, पण मग कुटुंब दोन ठिकाणी, त्यात मजा नाही.

फोनवर काय विचारायचं ते सांगतो. पहिला प्रश्न, गाव कोणतं आणि शेत कोणाचं? समोरचा नुसतं "सर एकदम लेक व्ह्यू आहे" करत बसला आणि गावाचं नाव सांगेना, तर तो मधला माणूस, फोन ठेवा. दुसरा प्रश्न, स्पीकर किती वाजता बंद होतो? "तुम्हाला पाहिजे तोपर्यंत चालू ठेवू" असं खुशीत उत्तर आलं की समजून जायचं. तिसरं, एका वेळी किती तंबू लावता आणि शौचालयं किती. आणि शक्य असेल तर शनिवार सोडा. मंगळवारचा भंडारदरा आणि शनिवारचा भंडारदरा ही दोन वेगळी गावं आहेत.

आता डिसेंबर की मे. दोन्हीचं जंगल वेगळं, त्यामुळे आधी महिना ठरवा आणि मग बाकीचं.

डिसेंबरात भाताची कापणी झालेली असते, खाचरं रिकामी, तंबू तिथेच लागतात. उडदावण्याला एकदा मी हौसेने बांधाला लागून तंबू टाकला, सकाळचं ऊन आधी तिथे येतं म्हणून. घरातले बाबा आले, दोन मिनिटं नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "तिथं नको, बांधात उंदरांची बिळं हायेत, उंदरामागं जनावर येतं." जनावर म्हणजे साप, रात्री नाव घेत नाहीत. मग त्यांनीच खाचराच्या मधोमध पेंढा पसरला चांगला हातभर, त्यावर ताडपत्री, त्यावर तंबू, अशी झोप मला घरच्या गादीवर लागलेली नाही. फक्त एक चूक केली, थंडी म्हणून तंबूच्या सगळ्या चेनी गच्च लावल्या, तर पहाटे आपल्याच श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमून टपटप तोंडावर. वरची जाळी थोडी उघडी ठेवा आणि एक पांघरूण जास्त घ्या, थंडी खरंच कडक असते. बूट तंबूच्या आत, सकाळी घालताना झटकून, विंचू असतात.

डिसेंबरातलं मुलांसाठीचं मोठं आकर्षण म्हणजे सांदण दरी, साम्रदपासून चालत अर्ध्या तासाच्या आत. जमिनीला भेग पडावी तशी अरुंद घळ आहे, दोन्ही बाजूंना सरळ कातळ, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात, ऊन खाली पोचतच नाही. सुरुवातीलाच पाण्याचा एक डोह लागतो, थंडगार, पाणी किती असेल ते त्या वर्षीच्या पावसावर. मोठा पोरगा गावातल्या वाटाड्यासोबत डोह ओलांडून पुढच्या मोठाल्या दगडांतून बऱ्यापैकी आत जाऊन येऊ शकेल, छोट्याला डोहापर्यंत पुरे. शेवटी दोर लावून खाली कोकणाकडे उतरतात, तो प्रकार तुमच्या ट्रिपमध्ये धरू नका. आणि पावसाळ्यात सांदणचं नावही नको, वर कुठे पाऊस पडला तर घळीत पाणी कधी येईल सांगता येत नाही.

आईंसाठी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. शिलाहारांच्या काळातलं, इतकं कोरीव की आई एकेक खांब बघत बसतील, जवळच पुष्करणी आहे तिच्या भिंतीत देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींचे कोनाडे आहेत, तिथे सकाळी गेलात तर कोणी नसतं. तेवढ्या वेळात तुम्ही आणि मोठा मुलगा रतनगडाच्या जंगलात शिरून या. गड पूर्ण करायचा तर अख्खा दिवस लागतो, वर कड्याला लोखंडी शिड्या आहेत आणि माथ्यावर नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक, त्यात बसलं की वारा अंगातून जातो. पण नुसता पहिला तासभर चाललात तरी वसूल. वाट सारखी ओढा ओलांडते, आणि हा ओढा म्हणजे प्रवरा, हीच पुढे शेंडीला विल्सन धरणात अडते. धरण 1926 चं, आपण ज्याला भंडारदरा धरण म्हणतो तेच. पोराला दाखवा की ज्या नदीवर एवढी मोठी भिंत बांधलीय ती इथे आपण उडी मारून ओलांडतोय. माझ्या मुलीला शाळेतल्या भूगोलापेक्षा ती उडी जास्त लक्षात राहिलीय.

कळसूबाईचं विचाराल म्हणून सांगतो, 1646 मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, पायथ्याचं गाव बारी, आणि घोटीकडून येताना ते शेंडीच्या आधीच लागतं. 9 वर्षांची मुलं आरामात चढतात, तीन तास धरा. अडचण चढाची नाही, रविवारच्या शिड्यांची आहे, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर आमनेसामने आणि मध्ये कोणीतरी सेल्फी काढतंय. आडवारी जा, पहाटे निघा, नाहीतर या खेपेला सोडून द्या. दोन दिवसांत सांदण आणि कळसूबाई दोन्ही कोंबू नका, पोरं दुसऱ्या दिवशी चालायचीच बंद होतात.

मेअखेरीस गेलात तर काजवे. पाऊस तोंडावर आला की हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशी झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात, आणि मजा म्हणजे एका झाडाने सुरू केलं की शेजारचं झाड त्याच तालात धरतं. मी दर वर्षी बघतो आणि दर वर्षी गप्प होतो. लुकलुक हा त्यांचा जोडीदार शोधायचा इशारा असतो, आपण गाडीचे लाइट पाडले की तो विस्कटतो. पण शनिवारी रात्री त्या वळशाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, प्रत्येक गाडीचे लाइट त्या झाडांवर, मग लोक म्हणतात काजवे दिसलेच नाहीत. वनखात्याने हेडलाइट, टॉर्च, आरडाओरडा यांवर बंधनं घातली आहेत, नाक्यावर पावती फाडताना विचारून घ्या कारण वेळा आणि नियम बदलतात. तुम्ही उडदावण्यात वस्तीला असाल तर गाडीची गरजच नाही, जेवून बाहेर पडायचं, मोबाईल खिशात, दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि चालत राहायचं. अमावस्येच्या आसपासची तारीख धरा. घरच्या माणसाशिवाय मात्र लांब जाऊ नका, या भागात बिबट्या आहे.

मे महिन्यात दिवसा उकडतं आणि तलावाचं पाणी खाली गेलेलं असतं. काठ कोरडा दिसतो पण खाली गाळ असतो, पाय रुतला की निघत नाही, मुलांना पोहायला सोडू नका, कोणी कितीही "इथं गुडघाभरच आहे" म्हणालं तरी. बोटिंग करायचं तर लाइफ जॅकेट बघूनच बसा.

संध्याकाळी एकदा घाटघरच्या कोकणकड्यावर जा, गाडी जवळपर्यंत जाते म्हणून आईंनाही जमेल. जमीन एकदम संपते आणि खाली कोकण दिसतं. धाकट्याचा हात सोडू नका.

जेवणाचं आधी सांगून ठेवा की शहरी पद्धतीचं पनीर बिनीर नको. नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, खुरासणीची चटणी आणि तिथलाच भात. आमची मुलगी घरी भाकरी बघून नाक मुरडते, तिथे चुलीपुढे बसून निखाऱ्यावर टम्म फुगलेली भाकरी फोडून त्यातली वाफ तोंडावर घेत दोन खाल्ल्या. देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे, ज्यांना 2020 च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री मिळाली, त्या याच अकोले तालुक्यातल्या, तेव्हा देशी वाणांची गंमत आईंना माहीत असेल तर त्या स्वयंपाकघरातून उठणारच नाहीत.

पेट्रोल आणि रोख पैसे घोटीलाच करून घ्या, आतल्या गावांत रेंज येते जाते आणि रेंज नसली की ऑनलाइन पैसे पण नाहीत. मुलांची औषधं, दोन टॉर्च, आईंसाठी घडीची खुर्ची, एवढं पुरतं, बाकी तिथे मिळतं.

तारीख ठरली की मला कळवा, उडदावण्याच्या त्या बाबांकडे विचारून बघतो, पण चार-पाच दिवस आधी सांगा, त्यांचा फोन टेकाडावर गेल्याशिवाय लागत नाही आणि टेकाडावर ते गुरं घेऊन जातात तेव्हाच जातात.