वाचकांचे प्रश्न : बॉक्सिंग आता पाहायचे कुठे?

प्रश्न : अमेरिकेत शनिवारी रात्री होणाऱ्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसत. पोहे-जिलेबीची ताटली मांडीवर घेऊन वडिलांबरोबर त्या पाहणे हा आमचा जुना परिपाठ होता. एचबीओ आणि शोटाइम या दोन्ही वाहिन्यांनी बॉक्सिंग सोडल्याचे वाचले. दूरचित्रवाणीवरचे बॉक्सिंग संपले, असे समजावे का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : लढती पडद्यावर दिसत राहतील, मात्र वाहिनी लावताच सहज सापडणारा खेळ म्हणून बॉक्सिंग परत येईल, असे आम्हांला वाटत नाही. १९७३ मध्ये फ्रेझर-फोरमन लढत दाखवणाऱ्या एचबीओने २०१८ च्या अखेरीस आणि १९८६ पासून या खेळात असलेल्या शोटाइमने २०२३ च्या अखेरीस बॉक्सिंग थांबवले. लढती भरवणारी टॉप रँक ही कंपनी आणि ईएसपीएन ही वाहिनी यांचा करारही २०२५ मध्ये संपला.

याचे मूळ खेळाच्या रचनेत आहे. भारतातल्या क्रिकेट सामन्यांचे हक्क एकच मंडळ विकते. बॉक्सिंगमध्ये जागतिक किताब देणाऱ्या प्रमुख संघटनाच चार आहेत आणि प्रत्येक प्रवर्तक, म्हणजे लढती भरवणारा, आपापल्या खेळाडूंच्या लढती स्वतंत्रपणे विकतो. त्यामुळे वेगवेगळ्या वाहिन्यांशी बांधलेले दोन मातब्बर वर्षानुवर्षे समोरासमोर येत नाहीत. उदाहरणार्थ, मेवेदर हा बॉक्सर शोटाइमकडे आणि त्याचा प्रतिस्पर्धी पॅकियाओ एचबीओकडे होता. त्यांची लढत २ मे २०१५ रोजी झाली, तीही दोन्ही वाहिन्यांनी मिळून दाखवल्यामुळे. अमेरिकेत त्या एका रात्रीसाठी सुमारे शंभर डॉलर मोजावे लागले आणि तरीही ती सुमारे ४६ लाख ठिकाणी विकत घेतली गेली. गल्ला विक्रमी जमला, पण ज्या मुलाच्या घरी शंभर डॉलर नव्हते, त्याच्यापर्यंत ही लढत पोहोचलीच नाही.

म्हणूनच वेगळे शुल्क न आकारता नेहमीच्या वर्गणीत लढत दाखवण्याची पद्धत आम्हांला अधिक हितकर वाटते. नोव्हेंबर २०२४ मधील टायसन-पॉल लढत नेटफ्लिक्सच्या म्हणण्यानुसार १० कोटी ८० लाख लोकांनी पाहिली. अठ्ठावन्न वर्षांच्या टायसनला रिंगमध्ये उतरवणे आम्हांला मुळीच रुचले नाही, शिवाय चित्रही अनेकांकडे अडकत होते; तरी एवढा प्रेक्षक आजही आहे, हे त्यातून दिसले. सप्टेंबर २०२५ मधील कॅनेलो-क्रॉफर्ड लढतही तशीच वर्गणीत मिळाली आणि ती खऱ्या दर्जाची होती.

आमची काळजी छोट्या लढतींविषयी आहे. सहा-आठ फेऱ्यांच्या लढतींतूनच नवा खेळाडू प्रेक्षकाच्या ओळखीचा होतो. येत्या करारांत अशा लढतींसाठी नियमित आणि शक्यतो विनामूल्य जागा राखून ठेवली नाही, तर पुढच्या मोठ्या लढतीतील नावे कोणालाच माहीत नसतील.

प्रश्न : ऑलिंपिकमध्ये तरी बॉक्सिंग दिसेल ना?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : होय. २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेतील समावेशास मार्च २०२५ मध्ये मान्यता मिळाली. ऑलिंपिकचे प्रसारणहक्क सर्व खेळांचे एकत्र विकले जातात, त्यामुळे तेथे प्रवर्तकांची ओढाताण आड येत नाही.